शाफ्टचा पीळ फायबरने मोजायचाय, पण फायबर काहीच दाखवत नाहीये

पीथमपूरचा_पाना | सोमवार, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. राहतो इंदूरच्या लोकमान्य नगरात, काम पीथमपूरला. आमचं छोटं युनिट आहे, प्रोपेलर शाफ्ट तपासायचे टेस्ट रिग बनवतो. शाफ्टवर टॉर्क (पिळणारा जोर) किती येतोय ते मोजायला आजवर स्ट्रेन गेज (ताण विजेने मोजणाऱ्या चिकटपट्ट्या) लावत आलो, पण रिगच्या शेजारीच मोठी मोटर आणि तिचा ड्राईव्ह, तो चालू झाला की रीडिंग नाचायला लागतं, शील्डवाली केबल टाकली, अर्थिंग दोनदा बदललं, तरी फरक नाही. मग कुणीतरी म्हणालं फायबर (प्रकाश वाहून नेणारा काचेचा धागा) लावा, काचेत वीजच नाही तर मोटरचा त्रास कसला. पटलं मला.

एका सप्लायरकडून (नाव घेत नाही) "पीळ मोजणारी स्पेशल फायबर" म्हणून मागवली. ४० मिलिमीटरचा भरीव स्टीलचा शाफ्ट, एक टोक पक्कं धरलेलं, दुसऱ्या टोकाला १ मीटरचा दांडा. फायबर शाफ्टच्या लांबीने सरळ चिकटवली, २० सेंटीमीटर. एका बाजूने लाईट, दुसऱ्या बाजूला पॉवर मीटर. दांड्याला १०-१० किलोची वजनं लावत ५० किलोपर्यंत गेलो. मीटरचा आकडा जागचा हलला नाही! तीन दिवस हेच करतोय. शेवटी कनेक्टरवरचं लेबल नीट वाचलं तर साधी सिंगल मोड पॅचकॉर्ड निघाली, इंटरनेटवाले घरी लावून जातात ना तीच. पैसे गेले ते गेले, पण मला हे समजून घ्यायचंय की साधी फायबर पिळली तर तिला कळत का नाही, आणि जिला कळतं ती वेगळी कशी असते. मालकांनी तीन आठवडे दिलेत.


महूवाला | सोमवार, रात्री ११:२५

मी तीस वर्षं गेज लावलेत, फायबरमधलं मला फार समजत नाही. पण भाऊ एक सांगा, टॉर्क मोजताना गेज आपण ४५ अंशात तिरका लावतो, बरोबर? सरळ लावलेला गेज पिळाला काहीच दाखवत नाही हे आयटीआयच्या पोरालाही शिकवतात. मग फायबर सरळ का चिकटवलीत? गेज असो की काच, शाफ्ट तर तोच आहे.


कॅटरोडकाका | मंगळवार, सकाळी ६:५०

महूवाल्यांनी नेमक्या जागी बोट ठेवलंय, तिथूनच सुरू करू.

पाना भाऊ, घरात फळ्याचा खडू असेल तर घ्या. दोन्ही हातांच्या चिमटीत दोन टोकं धरा आणि न वाकवता फक्त पिळा, ओलं फडकं पिळतात तसा. तुटेल. आता तुटलेलं टोक बघा. आडवा सरळ काप मिळणार नाही, जिन्यासारखी फिरत गेलेली तिरकी चीर दिसेल, ४५ अंशाच्या आसपास. खडू ठिसूळ, म्हणजे जिथे सगळ्यात जास्त ताणला जातो तिथेच फाटतो. पीळ दिला की पृष्ठभागावर एका तिरक्या दिशेला ताण येतो, तिच्याशी काटकोनात असलेल्या दुसऱ्या तिरक्या दिशेला दाब येतो आणि लांबीच्या सरळ रेषेत जवळजवळ काहीच येत नाही. तुमची फायबर त्या "काहीच नाही"च्या रेषेवर तीन दिवस बसलीये.

आकड्यात बघा. १ मीटर दांडा आणि ५० किलो, म्हणजे ढोबळमानाने ५०० न्यूटन-मीटर धरू. ४० मिलिमीटरच्या शाफ्टला पृष्ठभागावर साधारण ४० मेगापास्कल कातर ताण (थर एकमेकांवरून सरकवणारा) येतो. स्टीलसाठी त्यातून ४५ अंशाच्या दिशेने निघतो सुमारे २५० मायक्रोस्ट्रेन, म्हणजे एक मीटरला पाव मिलिमीटर. छोटा आकडा आहे, पण तिरकी लावलेली ग्रेटिंगवाली फायबर तो आरामात वाचते.

ग्रेटिंग म्हणजे काय ते सांगतो, कारण सप्लायरने तुम्हाला हे सांगायला हवं होतं. फायबरच्या ८-९ मायक्रॉनच्या गाभ्यात अल्ट्राव्हायोलेट लेसरने अर्ध्या अर्ध्या मायक्रॉनवर पट्टे लिहितात. काच न कापता, न खरवडता, फक्त तिचा अपवर्तनांक पट्ट्यापट्ट्याने किंचित बदलतो. आत पांढरा, सगळ्या रंगांचा प्रकाश सोडला तर हे पट्टे एकच तरंगलांबी परत पाठवतात, बाकी सगळं पुढे जाऊ देतात. फायबर ताणली की पट्ट्यांमधलं अंतर वाढतं आणि परत येणारी तरंगलांबी सरकते. १५५० नॅनोमीटरच्या आसपास एका मायक्रोस्ट्रेनला १.२ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग). तुमच्या २५० ला ०.३ नॅनोमीटर झाले.

१९७८ साली कॅनडात केन हिल यांच्या प्रयोगशाळेत हा प्रकार पहिल्यांदा दिसला. फायबरच्या कुशीतून, बाहेरून, हवी ती तरंगलांबी ठरवून लिहिणं १९८९ ला मेल्ट्झ वगैरे मंडळींनी जमवलं आणि तिथून हा सेन्सर खरा कामाचा झाला. आपल्या इंदुरात कॅटमध्ये (लेसरवर काम करणारी सरकारी संशोधन संस्था, कागदावर राजा रमन्ना केंद्र, पण रिक्षावाल्याला अजून कॅटच सांगावं लागतं) तांब्याच्या वाफेच्या लेसरचा हिरवा प्रकाश दुप्पट वारंवारतेचा करून २५५ नॅनोमीटरचा किरण काढतात आणि त्याने ग्रेटिंग लिहितात. जगात बहुतेक जण वेगळे लेसर वापरतात. इथे घरच्या लेसरने हे जमवलंय याचा मला मनापासून अभिमान आहे.


पीथमपूरचा_पाना | मंगळवार, रात्री ९:१५

काका, खडू तोडला. मुलीच्या कंपासमधून घेतला, तिनेही दोन तोडले. अगदी जिन्यासारखी चीर! आम्ही दोघं कितीतरी वेळ ते तुकडे जोडून बघत बसलो.

आता तिरकी लावणं समजलं. पण सप्लायरचं म्हणणं होतं की फायबर स्वतः पिळली जाते आणि आतल्या प्रकाशाला ते कळतं. ते साफ खोटं होतं का? आणि ४० च्या शाफ्टवर तिरकी गुंडाळली तर फायबर वाकून मोडणार नाही?


ध्रुवा_इंदूर | मंगळवार, रात्री ११:०८

साफ खोटं नाही दादा, अर्धवट खरं होतं. माझं पीएचडीचं काम ध्रुवणावर आहे, म्हणजे फायबरमधल्या पोलरायझेशनवर, म्हणून या प्रश्नावर जरा लांब लिहिते.

आधी वाकण्याचं. २० मिलिमीटर त्रिज्येच्या शाफ्टवर ४५ अंशात फायबर गुंडाळली की तिची स्वतःची वाकण्याची त्रिज्या ४० मिलिमीटर होते, आडवी गुंडाळली असती तर २० झाली असती. ४० ला काही होत नाही, निर्धास्त राहा.

आता फायबर स्वतः पिळली तर. साधी फायबर इकडून तिकडून गोल. गोल गाभा, त्याभोवती १२५ मायक्रॉनची गोल काच. गोल वस्तू अक्षाभोवती फिरवली तर आधी जशी दिसत होती तशीच दिसते, त्यामुळे प्रकाश किती जातोय यात काही फरक पडत नाही आणि तुमचं पॉवर मीटर फक्त तेवढंच बघत होतं. पण प्रकाशाची कंपनाची दिशा असते ना, ती पिळाबरोबर थोडी फिरते. काच पिळल्यामुळे तिच्यात जो कातर ताण येतो त्यातून हे होतं, आणि प्रमाण पिळाच्या फक्त ८ टक्के. म्हणजे फायबरला पूर्ण ३६० अंशांचा एक पीळ दिला तर आतली दिशा जेमतेम २९ अंश फिरते. तुमच्या शाफ्टला ५०० न्यूटन-मीटरवर एका मीटरमागे दीड अंशाहूनही कमी पीळ बसतो, चिकटवलेल्या २० सेंटीमीटरमध्ये ०.२८ अंश, त्याचे ८ टक्के म्हणजे ०.०२ अंश. एवढं तर पॅचकॉर्डला हात लागला तरी हलतं.

म्हणून पीळ ओळखायला फायबरचा गोलपणा मोडावा लागतो. या विषयातल्या बहुतेक सगळ्या स्पेशल फायबरांचं मर्म हेच आहे. तो मोडायच्या तऱ्हा मात्र खूप, आणि मला त्या सगळ्या सुंदर वाटतात.

एक म्हणजे पांडा. गाभ्याच्या दोन्ही बाजूंना बोरॉन मिसळलेल्या काचेच्या दोन कांड्या घातलेल्या असतात, काप केला की मायक्रोस्कोपखाली पांडाचे डोळे दिसतात. त्या कांड्या थंड होताना आवळल्या जातात, काचेला एका दिशेने ओढून धरतात, आणि त्यामुळे उभ्या कंपनाचा प्रकाश आणि आडव्या कंपनाचा प्रकाश वेगवेगळ्या वेगाने जातात. अशा फायबरचा तुकडा सॅनॅक लूपमध्ये लावायचा. कपलरने प्रकाशाचे दोन भाग करून एकाच गोलातून उलटसुलट पाठवायचे आणि परत आल्यावर एकत्र करायचे. स्पेक्ट्रमवर डोंगर आणि दऱ्या ओळीने दिसतात, २० सेंटीमीटरचा तुकडा असेल तर साधारण २४ नॅनोमीटरच्या अंतराने. फायबर पिळली की दऱ्या सरकतात, उथळ होतात.

पण इथे मी एक वर्ष घालवलंय म्हणून सांगते, पांडाच्या दोन अडचणी आहेत. त्या दोन वेगांमधला फरक इतका दांडगा असतो की थोडासा पीळ त्यात दबून जातो. आणि बोरॉनच्या कांड्या तापमानाला फार हळव्या असतात, लॅबचा एसी बंद झाला की माझ्या दऱ्या चालायला लागायच्या. म्हणून लोक फोटॉनिक क्रिस्टल फायबरकडे वळले. तिच्यात दुसरी काच मिसळतच नाहीत, शुद्ध सिलिकामध्ये लांबीभर बारीक भोकं असतात, मधाच्या पोळ्यासारखी, आणि ती भोकं जरा वेड्यावाकड्या मापाची ठेवली की गोलपणा मोडतो. एकच काच असल्यामुळे तापमानाचा त्रास खूप कमी. आणि दोन वेगांमधला फरक कमी ठेवून बनवली तर पीळ फार छान दाखवते. मात्र स्प्लायसरवर, म्हणजे विजेच्या ठिणगीने (आर्कने) काच वितळवून जोडणाऱ्या यंत्रावर, जोडताना जीव मुठीत धरावा लागतो, आर्क जरा जास्त बसला की भोकं मिटतात आणि तुकडा वाया.

आणखी एक तऱ्हा, लाँग पीरियड ग्रेटिंग. काकांच्या ग्रेटिंगमध्ये पट्टे अर्ध्या मायक्रॉनचे, इथे काही शे मायक्रॉनचे, त्यामुळे प्रकाश परत न येता गाभ्यातून बाहेरच्या काचेत झिरपतो आणि एक तरंगलांबी पुढे पोचतच नाही. १९९६ च्या ज्या पेपरने हा प्रकार सगळीकडे पोचला तो बेल लॅब्सच्या आशिष वेंगसरकर यांचा, आडनाव वाचून मला पहिल्या वर्षी केवढा हुरूप आला होता. हेच ग्रेटिंग कार्बन डायऑक्साईड लेसरने फायबरच्या एकाच बाजूने तापवून लिहिलं तर दोन्ही बाजू सारख्या राहत नाहीत, गोलपणा आपोआप मोडतो आणि मग गंमत अशी की एका दिशेने पिळलं तर ती हरवलेली तरंगलांबी वर सरकते, उलट पिळलं तर खाली. पीळ किती, हे कळतंच, शिवाय कुठल्या दिशेने तेही कळतं.

तुमच्या शाफ्टला यातलं काही लागेल असं मला वाटत नाही. तिथे काकांचं तिरकं ग्रेटिंगच बरं. ही सगळी फायबर जिथे वस्तूच मुळात बारीक आणि लवचीक आहे, केबल, नळी, दोर, तिथे कामाला येते.


राऊ_ते_राजवाडा | बुधवार, दुपारी २:३०

ताई, मी थर्ड इयरला आहे, मेकॅनिकल. सात कोरवाल्या (सात गाभ्यांच्या) फायबरबद्दल ऐकलं होतं, शरीरात घालायच्या नळीचा आकार त्यातून कळतो म्हणे. त्यातही पीळ मोजतात का?


ध्रुवा_इंदूर | बुधवार, संध्याकाळी ७:४५

हो, आणि तिथे पीळ मोजला नाही तर आकारच चुकतो.

एक कोर बरोबर मध्ये, सहा कोर त्याभोवती. फायबर वाकली की बाहेरच्या बाजूचे कोर ताणले जातात, आतल्या बाजूचे दबतात, त्यावरून कुठे किती वाकलीय ते काढता येतं. पण ती मधेच कुठे पिळली गेली असेल तर "वर" कुठलं आणि "बाजूला" कुठलं हेच हरवतं, आणि तिथून पुढचा सगळा आकार भलत्या दिशेला वळलेला दिसतो. फुफ्फुसात नळी घालणाऱ्या रोबोमध्ये असा आकार ओळखणारी फायबर खरोखर वापरतात, तिथे टोक डावीकडच्या फांदीत आहे की उजवीकडच्या हे चुकून कसं चालेल?

उपाय मला फार आवडतो. फायबर ओढतानाच तिला फिरवतात, म्हणजे बाहेरचे सहा कोर जन्मतःच सुतळीच्या पेडांसारखे मधल्याभोवती गुंडाळलेले. आता सुतळीला तिच्याच पिळाच्या दिशेने आणखी पीळ दिला तर पेड ताणतात, उलटा दिला तर सैल पडतात. तेच इथे. मधल्या कोरला पिळाचं काही सोयरसुतक नाही, तो तापमान आणि सरळ ओढ सांगतो, बाहेरचे सहाही एकदमच लांब झाले तर पीळ एका दिशेचा, आखूड झाले तर दुसऱ्या. कोर सरळ ठेवले असते तर पीळ कुठल्याही दिशेने दिला तरी ते किंचित लांबच झाले असते, छोट्या पिळाला जवळजवळ शून्य, आणि दिशा कधीच कळली नसती.


महूवाला | बुधवार, रात्री ८:२०

सुतळीवरून लख्ख कळलं. पण पाना भाऊंच्या रिगवर उन्हाचं काय करणार? मे महिन्यात पीथमपूरच्या शेडमध्ये लोखंडाला हात लावता येत नाही. गेजमध्ये आम्ही चार गेजचा ब्रिज करतो, तापमान आपोआप कटतं. फायबरला ब्रिज कसला?


कॅटरोडकाका | गुरुवार, सकाळी ७:०५

ब्रिज आहे, फक्त तो तारांचा नसून वजाबाकीचा आहे. आणि प्रश्न अगदी रास्त, कारण ग्रेटिंगला ऊन फार लागतं. नुसती फायबर एका डिग्रीला १० पिकोमीटर सरकते, स्टीलवर चिकटवली की स्टीलचं प्रसरणही तिला ओढतं, मग सुमारे २४. म्हणजे शाफ्ट नुसता १२-१३ डिग्री तापला तरी तुमच्या पूर्ण ५०० न्यूटन-मीटरएवढं सरकणं दिसेल! एकच ग्रेटिंग लावलं तर दुपारचं जेवण करून येईपर्यंत शाफ्टवर भूत येऊन बसल्यासारखा टॉर्क दिसेल.

म्हणून दोन ग्रेटिंग, एकाच जागी, एक अधिक ४५ अंशात, दुसरं उणे ४५. पिळाने एक वर सरकतं, दुसरं खाली. तापमानाने दोन्ही एकत्र वर. वजा केलं की ऊन गेलं, पीळ दुप्पट झाला. दांड्याच्या वजनाने शाफ्ट थोडा वाकतोही, पण त्याचाही परिणाम दोन्हींवर सारखाच, तोही जातो. तरी दांड्याच्या टोकाजवळ शाफ्टला बेअरिंगचा टेकू द्या, सगळं वजाबाकीवर सोडू नका.

चिकटवण्याबद्दल, कारण खरी परीक्षा तिथेच आहे. ग्रेटिंगवरचं प्लॅस्टिकचं आवरण मऊ असतं, ते ठेवलंत तर ताण त्यातच मुरतो. शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने घासा, आयसोप्रोपाईलने पुसा, कापडावर काळं येणं बंद होईपर्यंत पुसा. पेन्सिलने ४५ ची रेघ मारा. फायबरला हलकीशी ओढ देऊन दोन्हीकडे टेपने धरा आणि मगच गोंद, अगदी पातळ, केसाच्या जाडीचा. उघडी काच जिथे गोंदातून बाहेर येते तिथेच मोडते, म्हणून त्या दोन्ही टोकांना मऊ सिलिकॉनचा ठिपका.

जुनी गोष्ट आठवली म्हणून लिहितो. पीळ मोजायला काचेचा धागा हे नवं नाही. १८८७ मध्ये सी. व्ही. बॉईज नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने वितळलेल्या क्वार्ट्झला बाण लावून तो छोट्या धनुष्याने प्रयोगशाळेत सोडला आणि मागे हवेत केसाहून बारीक क्वार्ट्झचा धागा ओढला गेला. त्या धाग्यावर गोळे टांगून, धागा किती पिळतो त्यावरून त्याने गुरुत्वाकर्षणाचा स्थिरांक मोजला, १८९५ मध्ये छापलंही. तेव्हा धाग्याला छोटा आरसा लावून त्यावरून परतलेल्या उजेडाने पीळ वाचायचे. आता उजेड धाग्याच्या आत गेलाय.


पीथमपूरचा_पाना | पुढचा मंगळवार, रात्री ११:३०

मंडळी, सगळं सांगतो, जरा लांब होईल.

काकांनी एका कॉलेजच्या लॅबमधून दोन ग्रेटिंग आणि वाचायचं यंत्र, इंटरॉगेटर, चार दिवसांसाठी मिळवून दिलं. शनिवारी पहिलं चिकटवलं, सुपरग्लूने, घाईत. स्क्रीनवर परतलेल्या प्रकाशाची टोकं (शिखरं) एकाऐवजी दोन दिसायला लागली, माणसाच्या पाठीवर दोन कुबडं असावीत तशी. ध्रुवाताईंना फोटो पाठवला, त्या म्हणाल्या गोंदाचा गोळा एका बाजूने काच दाबतोय, तिचा गोलपणा मोडलाय, उभा प्रकाश आणि आडवा प्रकाश वेगळे परततायत. म्हणजे जे त्या पांडात मुद्दाम करतात ते माझ्या गोंदाने आपोआप केलं होतं. पूर्ण खरवडून काढावं लागलं, ते ग्रेटिंग गेलं. काकांनी तिसरं दिलं.

रविवारी पुन्हा, या वेळी दोन भागांचं इपॉक्सी, पातळ, वरून साठचा बल्ब लावून रात्रभर सुकवलं. सोमवारी सकाळी वजनं. १० किलो लावलं, डावं टोक डावीकडे ५२ पिकोमीटर, उजवं टोक उजवीकडे ५१. २० ला १०४ आणि १०२. दोन रेघा एकमेकींपासून लांब जातायत आणि वजन काढलं की परत येतायत, मी मालकांना बोलावून दाखवलं, ते खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले परत कर. पाच वेळा केलं. ५० किलोला दोन्हींमधला फरक ०.५१ नॅनोमीटरने वाढला.

मग हीट गन घेऊन शाफ्ट तापवला, दोन्ही रेघा एकत्र, हातात हात घालून वर. फरक जवळजवळ तोच. आणि शेवटी शेजारची मोटर चालू केली, ड्राईव्ह पूर्ण स्पीडला. रेघ ढिम्म हलली नाही. त्या क्षणासाठी मी हे सगळं सुरू केलं होतं.

दोन गोष्टी राहिल्यात. हिशेबाने फरक ०.६ यायला हवा होता, मला ०.५१ मिळाला. पेन्सिलची रेघ दोन-तीन अंश चुकली असेल, तेच कारण का? आणि शाफ्ट फिरायला लागला की फायबर बाहेर कशी काढायची?


कॅटरोडकाका | बुधवार, सकाळी ६:४०

शाब्बास! मन भरून आलं वाचून.

कोनाचा दोष नाही. तीन अंश चुकले तरी फक्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो, ४५ च्या आसपास ही दिशा फार क्षमाशील आहे. वजनंही ५० किलो म्हणजे नेमकी ४९० न्यूटन-मीटर, मी ५०० धरले होते, दोन टक्के तिथे गेले. बाकी गोंद. थर जाड असेल तर स्टीलचा सगळा ताण काचेपर्यंत पोचत नाही. पण तो दर वेळी तेवढाच खात असेल तर काही बिघडत नाही, तुम्ही वजनं लावून माप पक्कं केलंयच. फक्त एक बघा, ५० किलो लटकवून अर्धा तास ठेवा आणि रेघ हळूहळू खाली येतेय का ते टिपा. येत असेल तर इपॉक्सी अजून पुरतं पिकलेलं नाही, आणखी एक रात्र बल्ब.

फिरण्यासाठी शाफ्टच्या मोकळ्या टोकातून, अक्षाच्या बरोबर मधून फायबर बाहेर काढायची आणि फिरता ऑप्टिकल जॉईंट लावायचा, त्यात एक बाजू फिरते, दुसरी स्थिर, मध्ये दोन छोटी भिंगं समोरासमोर. दोन्ही ग्रेटिंग वेगळ्या तरंगलांबीची आहेत, त्यामुळे एकाच फायबरवर ओळीने जोडा, जॉईंट एकाच वाटेचा पुरेल. फिरताना प्रकाश थोडा कमीजास्त होईल, होऊ द्या, आपण तरंगलांबी वाचतोय, उजेड किती ते नाही. तुमच्या रिगला मोकळं टोक आहे का?


पीथमपूरचा_पाना | बुधवार, सकाळी ८:१०

आहे काका, बेअरिंगच्या पलीकडे सहा इंच. आज संध्याकाळी लेथवर घेऊन मधोमध ३ मिलिमीटरचं भोक पाडतो. बल्ब रात्रीच परत लावून आलोय.


महूवाला | बुधवार, सकाळी ९:००

भोक पाडताना शाफ्टवरचं ते ग्रेटिंग कापडाने झाकून वर टेप मारा. चिप्स उडतात. आणि रविवारी मी येतोय बघायला, माझे गेज घेऊन, शेजारी लावू.